जोड नेमका कुठे असतो?

दोन सर्किट बोर्ड कनेक्टरने एकमेकांना जोडले, तर त्यांच्यातला जोड कुठे असतो? बोट ठेवून दाखवता येईल असं कुणालाही वाटेल. माझं काम मात्र अशा कनेक्टरांची सिम्युलेशनसाठी मॉडेल्स तयार करण्याचं आहे. कनेक्टर इथे सुरू झाला आणि इथे संपला, हे मला रोज ठरवावं लागतं. ते जितकं काटेकोरपणे ठरवायला जावं, तितका हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या हातून सुटून दर्शनशास्त्राच्या अंगणात जातो.

डेटा सेंटरमधल्या मोठ्या स्विचचं उदाहरण घेते. त्यात तारांच्या एका जोडीवरून सेकंदाला ११२ गिगाबिट जातात. एका चिन्हात दोन बिट बसवतात, म्हणजे प्रत्येक चिन्हाच्या वाट्याला जेमतेम १८ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात सिग्नल बोर्डमधून तीनेक मिलिमीटर पुढे सरकतो. कनेक्टर त्याहून कितीतरी लांब असतो, त्यामुळे एकाच क्षणी त्याच्या पोटात अनेक चिन्हं एकापाठोपाठ चाललेली असतात. अशा ठिकाणी ‘इथून तिथपर्यंत तार आहे’ एवढं म्हणून भागत नाही. प्रत्येक वळण, प्रत्येक प्लास्टिकची भिंत सिग्नलचा थोडा भाग मागे परतवते.

आता आतला स्पर्श पाहा. एका बाजूला सपाट पातं असतं, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगसारखी वाकलेली पट्टी. पट्टी पात्यावर घासत जाते आणि एका जागी दाबून बसते. राग्नर होल्म यांनी विद्युत स्पर्शाच्या अभ्यासात आयुष्य घालवलं. धातूला धातू टेकलेला दिसतो तिथे खरा स्पर्श मोजक्या सूक्ष्म ठिपक्यांपुरताच असतो, आणि सगळा प्रवाह त्या ठिपक्यांतून आकसून जातो, हे त्यांच्या कामातून पक्कं झालं. शिवाय टेकल्या जागेच्या पुढे पात्याचं टोक उरतंच. ते दोन मिलिमीटर असलं तरी साधारण २६ गिगाहर्ट्झच्या आसपास सिग्नल त्यात शिरतो, टोकावरून उलटतो आणि विरुद्ध होऊन मूळ सिग्नललाच खातो. जोडात ज्याचा काहीच भाग नाही असं वाटत होतं, तो तुकडाही जोड बिघडवतो. जोडलेला बोर्ड मिलिमीटरभर कमी बसला तर टोक आखूड होतं, पण कनेक्टरच्या दोन्ही अर्ध्यांमध्ये फट पडते आणि तिथला इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, चढतो. धातूचा एक कणही बदललेला नसतो, तरी मॉडेल बदलतं. म्हणून नुसत्या प्लगचं किंवा नुसत्या सॉकेटचं मॉडेल आम्ही देत नाही. मॉडेल असतं ते बसलेल्या जोडीचं.

अशा जोडाचा विचार न्याय-वैशेषिक परंपरेनेही केला आहे. तिच्यातल्या अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहाची १८९७ सालची आथल्ये-बोडसांची आवृत्ती मी सुट्टीच्या दिवशी वाचते. त्या परंपरेत संयोग, म्हणजे दोन द्रव्यांचा जोड, हा गुण मानला आहे, आणि तो एकाच द्रव्यात न राहता दोन्हींत राहतो. तो सगळं द्रव्य व्यापतही नाही. नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण झाडावरच्या माकडाचं. फांदीपाशी झाडाला माकडाचा संयोग आहे, मुळापाशी त्याच झाडाला तो नाही. म्हणून कशाने मर्यादित झालेला संयोग, हे सांगावं लागतं. त्या मर्यादा घालणाऱ्याला ते अवच्छेदक म्हणतात. होल्मचे ठिपके पाहिलेल्या माणसाला हा काथ्याकूट वाटणार नाही.

पण शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात वैशेषिकांना धरलं आहे ते संबंधाच्याच प्रश्नावर. दोन गोष्टींना जोडणारा संबंध त्यांच्याहून वेगळा असेल, तर त्या संबंधाला त्या गोष्टींशी कोण जोडणार? आणखी एक संबंध. मग त्याला? अनवस्था. हा आक्षेप मला कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतो. दोन बोर्डांमध्ये कनेक्टर ठेवला, की कनेक्टर आणि बोर्ड यांच्यात पुन्हा जोड आला. पिन बोर्डच्या भोकात बसते तो.

आमच्याकडच्या एका मुलाने सिम्युलेशनमध्ये कनेक्टर वेगळा सोडवला, बोर्डवरची भोकं आणि पॅड वेगळे सोडवले आणि दोन्ही निकाल एकापुढे एक जोडले. मग सगळं एकत्र सोडवून पाहिलं. खालच्या फ्रिक्वेन्सीला आलेखावरच्या दोन्ही रेषा एकावर एक होत्या, वर जाता जाता फाटल्या. तो म्हणाला, “मॅडम, तुकडे तेच आहेत. मग बेरीज वेगळी कशी?”

त्याने छेद घेतला होता पिन भोकात शिरते तिथे. तिथे विद्युतक्षेत्र अजून वाकलेलं, विस्कटलेलं असतं. थोड्या अंतरात विरून जाणारे त्याचे गुंतागुंतीचे आकार छेदाच्या पलीकडे पोचलेले असतात, आणि पोर्टला, म्हणजे मॉडेलच्या ज्या टोकाशी सिग्नल मोजतात त्याला, त्यांची दखल नसते. छेद काही मिलिमीटर मागे, बोर्डवरच्या सरळ ट्रेसमध्ये नेला, तिथे क्षेत्र स्थिरावलेलं होतं. दोन्ही रेषा जुळल्या.

यावरून माझं मत बनलं आहे. जोड ही मध्ये ठेवलेली तिसरी वस्तू मानली, की आचार्यांचा आक्षेप बिनतोड आहे. पण म्हणून जोड खोटा ठरत नाही. सीमा आपण आखतो हे खरं, पण ती नुसती आपली कल्पना असती तर कुठेही आखून चाललं असतं. तसं चालत नाही. चुकीच्या जागी छेद घेतला की आकडे बिघडतात.

अद्वैती म्हणेल, क्षेत्राला अंत नाही, बोर्डही नाही नि कनेक्टरही नाही, छेद व्यवहारापुरता. मला हे मान्य आहे, फक्त ‘पुरता’ या शब्दातली उपेक्षा मान्य नाही. व्यवहारात एक छेद टिकतो आणि दुसरा टिकत नाही, याचं कारण व्यवहारात नाही, वस्तूंमध्ये आहे. ते कारण मानलं, की भेदालाही वस्तूत काही आधार आहे असं मानावं लागतं. तो आधार किती, याचं उत्तर मी अजून शोधते आहे. त्या मुलाला मात्र फाइलच्या डोक्यावर तीन ओळी लिहायला सांगितल्या: पोर्ट ट्रेसवर किती अंतरावर आहे, संदर्भ इम्पीडन्स किती, आणि जोडी किती खोल बसलेली आहे.