आधी काटा, मग कांदा

बशा खाली ठेवा. चव नंतर, आधी मला काही विचारायचं आहे. घरून ओव्हनमध्ये भाजलेल्या कांद्याचा लो-कार्ब स्टार्टर करून आणा, असं मी सांगितलं होतं. सगळ्यांनी आणलाय, डब्यावर चिठ्ठ्याही चिकटवल्यात, प्रत्येक चिठ्ठीवर ‘लो-कार्ब’ लिहिलंय. मी एकेकाला विचारलं, एका बशीत कर्बोदकं किती? वर्गातल्या एकालाही आकडा सांगता आला नाही. मिळालं ते उत्तर असं : ‘तळलेलं नाहीये ना, बाई.’

तळलं नाही म्हणून तेल कमी झालं. कर्बोदकं कशानं कमी झाली? ब्रेडच्या चुऱ्यानं? कॉर्नफ्लोअरनं? दोन बशांमध्ये तर कांद्यावरून मध फिरवलेला मला दिसतोय. ओव्हन हे भाजण्याचं साधन आहे, पिठातला स्टार्च तो खाऊन टाकत नाही. इतकी साधी गोष्ट तुम्हाला कळत नाही असं मी मानत नाही. तुम्ही विचारच केला नाही, आणि मला राग आलाय तो त्याचा.

वह्या काढा. तुमच्यापैकी एकीची कृती घेते, नाव घेत नाही. चौघांसाठी ४०० ग्रॅम कांदा, ६० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, १०० ग्रॅम ब्रेडचा चुरा. शंभर ग्रॅम कच्च्या कांद्यात सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. त्यातला न पचणारा चोथा वजा केला तर साडेसात उरतात, म्हणजे ४०० ग्रॅमचे ३०. कॉर्नफ्लोअर जवळजवळ निव्वळ स्टार्च, शंभरात नव्वद. तुमच्या ६० ग्रॅमचे झाले ५४. ब्रेडच्या चुऱ्याचे सुमारे ६७. बेरीज १५१. चौघांत वाटली की माणशी ३८ ग्रॅम.

आता शेजारी आपली कांदा भजी मांडा. माणशी १०० ग्रॅम कांदा, ५० ग्रॅम बेसन, वर चमचाभर तांदळाचं पीठ. कांद्याचे साडेसात, बेसनाचे साडेतेवीस, तांदळाच्या पिठाचे आठ. एकूण ३९. ज्या भजीला नावं ठेवून तुम्ही हा पदार्थ केलात, तिच्यात आणि तुमच्या बशीत फरक आहे एका ग्रॅमचा. शिवाय बेसनात शंभराला बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, कॉर्नफ्लोअरमध्ये नावापुरतीही नाहीत. तेलाचा मुद्दा सोडला तर भजी या बशीपेक्षा उजवी आहे, आणि हे मी तुम्हाला खिजवायला म्हणत नाही. आकडे फळ्यावर आहेत.

खिडकीजवळ बसलीयेस ती तू, मघाशी मोठ्या आनंदानं सांगत होतीस, की काल घरी करून पाहिलं, सासऱ्यांना फार आवडलं. त्यांना मधुमेह आहे, आणि ‘यात कार्ब्स नाहीत, हवं तेवढं खा’ असं तू त्यांना सांगितलंस. त्यांनी दोन बशा खाल्ल्या. दोन बशा म्हणजे ७६ ग्रॅम. तीस ग्रॅम कणकेच्या चार पोळ्या खाल्ल्यासारखं झालं ते, आणि वर त्यांचं नेहमीचं जेवणही झालं असणार. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला. घरातलं कुणी सांगतंय म्हटल्यावर माणूस ताटाकडे पाहत नाही, सांगणाऱ्याकडे पाहतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण असल्याचा अंदाज दिलाय. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात असं कुणीतरी असणार. त्यांच्यासमोर बशी ठेवताना ‘अंदाजे’ हा शब्द मला ऐकायचा नाही.

म्हणून काटा लागतो. दोन-चारशे रुपयांत स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मिळतो. ओव्हनवर हजारो खर्च करता आणि काटा घेत नाही. किटो आहाराची चर्चा तुम्ही सगळे करता. तो आहार १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला. तो पाळणाऱ्या मुलांचं जेवण ग्रॅममध्ये मोजून द्यावं लागतं, कारण मोजमाप चुकलं तर त्याचा उपयोग होत नाही. त्या आहाराचं नाव तेवढं तुम्ही उचललंत आणि मोजणं टाकून दिलंत.

आणि मोजायचं कच्चं. एकानं इथं वजन केलं होतं, त्याचं त्याबद्दल कौतुक, पण त्यानं वजन केलं भाजलेल्या कांद्याचं. चारशे ग्रॅम कांदा ओव्हनमधून बाहेर येतो तेव्हा अडीचशेच्या घरात असतो, कारण कच्च्या कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी आहे. उडून गेलं ते पाणी, साखर तिथेच राहिली. अडीचशेला कच्च्या कांद्याचा आकडा लावलात की हिशेब एक तृतीयांशाहून अधिक चुकला.

कांद्याबद्दलही तुमचा गैरसमज आहे. ‘कांदा म्हणजे भाजीच की,’ असं दोघी-तिघी म्हणाल्या. पालक-मेथीच्या हिशेबात कांदा बसत नाही. बटाट्यासारखा त्यात स्टार्च नसतो हे खरं. कांदा आपला साठा साखरेच्या आणि फ्रुक्टन नावाच्या साखळ्यांच्या रूपात ठेवतो. फ्रुक्टन लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यात आंबतात, म्हणून काहींना कांद्यानं पोट फुगतं. अशांना ही बशी देऊच नका. भाजल्यावर कांदा गोड लागतो, तो मुख्यतः तिखटपणाची गंधकयुक्त द्रव्यं उडून गेल्यामुळे आणि पाणी आटल्यामुळे. त्या गोडीवर मध ओतण्याचं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता हस्तकौशल्याकडे येते, कारण हिशेब बरोबर असता तरी यातल्या बहुतेक बशा मी नापास केल्या असत्या. चकत्या लिबलिबीत आहेत. कडा काळ्या, मधला भाग उकडलेला. असं का झालं, याचं उत्तर एका शब्दात आहे, पाणी. चकतीच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर ती शंभर अंशांच्या वर फारशी तापत नाही. कांद्याला जो खरपूस तांबूस रंग आणि वास येतो, तो साखर आणि अमिनो आम्लं यांच्या प्रक्रियेतून येतो. लुई कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. ती जोमानं व्हायला साधारण १४० अंश लागतात. ओल्या चकतीला हा आकडा गाठताच येत नाही.

तुम्ही काय केलंत? चिरलेला कांदा तिखटपणा जावा म्हणून पाण्यात बुडवला, तसाच निथळून ट्रेमध्ये टाकला, एकावर एक दोन थर रचले आणि ओव्हन न तापवताच आत ढकलला. ट्रे भरगच्च असला की एका चकतीची वाफ दुसरीला उकडते. मग दर दोन मिनिटांनी दार उघडून डोकावलात, आतली उष्णता बाहेर घालवलीत. आणि दोघांनी तर साध्या मायक्रोवेव्हवर केलंय. त्यात वस्तू शिजते, खरपूस होत नाही. कन्व्हेक्शनची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर तव्यावर करा. तव्यावरचा कांदा कमी दर्जाचा नसतो.

खेकडा भजी करता येते ना तुम्हाला? तिथे कांद्याला मीठ चोळून ठेवता, त्याला पाणी सुटतं आणि त्या पाण्यातच बेसन भिजतं, वरून थेंब घालावा लागत नाही. मिठाची ही करामत तुमच्या आज्या रोज वापरत होत्या. इथेही तीच वापरायची, फक्त सुटलेलं पाणी ठेवायचं नाही. कांदा आडवा कापा, चकती अर्ध्या सेंटिमीटरची, सगळ्या सारख्या. जाड-बारीक कापाल तर बारीक जळेल आणि जाड कच्ची राहील. आज हेच झालंय. चकतीची वर्तुळं सुटी करू नका. मीठ भुरभुरून पंधरा मिनिटं सुती पंच्यावर पसरून ठेवा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्यानं दोन्ही बाजूंनी टिपून घ्या. घाईनं नव्हे, एकेक चकती.

कांदाही निवडून आणा. दिवाळीच्या सुमारास येणारा पोळ कांदा ओलसर असतो, टिकत नाही. या कामाला चाळीतला उन्हाळ कांदा चांगला, लासलगावकडून येतो तो, घट्ट आणि वाळलेल्या पातीचा. अलिबागचा पांढरा कांदा घेऊन कुणी ओव्हनमध्ये घातला तर मी त्याला वर्गाबाहेर काढीन. तो सौम्य, गोड कांदा कच्चा खाण्यासाठी आहे.

ओव्हन २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं आधी तापवा. ट्रेमध्ये बटर पेपर, त्यावर चकत्या एका थरात, मध्ये बोटभर जागा. ब्रशनं हलकं तेल. पंधरा मिनिटं नुसता कांदा भाजा, एकदा उलटा. वरचं आवरण या पायरीनंतर लावायचं. तुम्ही सगळ्यांनी आधीच लावलंत, म्हणून आवरण जळलं आणि कांदा आत उकडत बसला.

आवरणासाठी परदेशी पीठ शोधत दुकानं पालथी घालू नका. बदामाचं पीठ चालतं, पण भरल्या वांग्याचा मसाला करणाऱ्या घरात त्याहून चांगलं सामान डब्यात असतं. ३० ग्रॅम दाण्याचा कूट, २० ग्रॅम तीळ, २० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा कीस, तिखट, ओवा. मीठ चाखूनच, कांद्याला ते आधी लागलेलं आहे. ४० ग्रॅम चीज बारीक किसून त्यातच मिसळा. चिकटायला पीठ लागत नाही. ८० ग्रॅम घट्ट चक्का फेटून चकतीवर पातळ पसरा आणि मसाला वरून दाबा. ज्यांच्याकडे अंडं चालतं त्यांनी चक्क्याऐवजी एक अंडं फेटून घ्यावं. मग उष्णता १८० वर आणा, कारण तीळ आणि खोबरं पटकन करपतात. दहा मिनिटं, शेवटची तीन मिनिटं तिथून हलायचं नाही. बाहेर काढल्यावर जाळीवर ठेवा. डब्यात भरून झाकण लावलंत तर स्वतःच्याच वाफेनं पाच मिनिटांत सगळं मऊ पडेल.

आता याचा हिशेब. कांद्याचे ३०, कूट-तीळ-खोबऱ्याचे सात-आठ, चक्क्याचे चार, चीजचा एक. चौघांत माणशी ११ ग्रॅम. अडतीसाच्या जागी अकरा. आणि नीट पाहा, त्या अकरातले साडेसात एकट्या कांद्याचे आहेत. आवरण कितीही बदललं तरी कांदा आहे तोवर याच्या फारसं खाली जाता येणार नाही. जायचं तर कांदा कमी खावा लागेल. कडक किटो पाळणाऱ्याला दिवसाला वीस ते पन्नास ग्रॅमच्या आत राहायचं असतं, त्याची निम्मी मर्यादा ही एक बशी संपवू शकते. त्यामुळे डब्यावर ‘किटो’ लिहाल तर तेही मी खोडीन.

सॉस. प्रत्येक बशीबरोबर टोमॅटो केचप आहे. दोन चमचे केचपमध्ये सात-आठ ग्रॅम कर्बोदकं, बहुतेक साखर, म्हणजे आणखी एक बशीभर कांदा. कोथिंबीर, पुदिना, मिरची दह्यात वाटा. साखर घालायची नाही, डाळं घालायचं नाही.

शेवटचं, आणि हे मी आवाज चढवून सांगणार नाही, पण सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. मधुमेहाची औषधं चालू असलेल्या माणसाचं जेवण तुम्ही आपल्या मनानं बदलायचं नाही. जो इन्सुलिन घेतो किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतो, त्याची कर्बोदकं एकदम तोडलीत आणि औषध तेवढंच ठेवलंत, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. काही नव्या गोळ्यांवर असताना फार कमी कर्बोदकं खाल्ली तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखर फार वाढलेली दिसतही नाही. त्यामुळे आधी डॉक्टर, मग आहार.

खिडकीजवळचे, तू आज घरी गेलीस की आधी सासऱ्यांजवळ बस. काल सांगितलेलं चुकीचं होतं, एका बशीत ३८ ग्रॅम होते, हे त्यांना स्पष्ट सांग. काल रात्री आणि आज सकाळी साखर किती आली ते त्यांच्या वहीत पाहा, शेजारी काय खाल्लं ते लिही, आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर ने.