शेवटचा खर्च
आईवडील गेले की शवपेटी, पुष्पचक्रे, बॅण्ड, जेवण यांसाठी आपण कर्जही काढतो. साधेपणाने केले तर 'लोक काय म्हणतील?' ही मुलांना धास्ती. त्यातून त्यांना आपणच सोडवू शकतो, हयातीतच लिहून ठेवून. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२२ च्या मृत्युपत्रात जमिनीत साधी कबर मागितली. २०२५ मध्ये ती त्यांना मिळाली. ख्रिस्तसभेने १९६३ पासून दहनालाही मुभा दिली आहे; मात्र रक्षा विखुरू नये, पवित्र स्थळी ठेवावी. काटकसर थाटात करावी, मिस्सा-प्रार्थनेत नव्हे. मृतांना गरज तिचीच असते. नोव्हेंबर हा मृतांचा महिना. मुलांना जवळ बसवून आपण एवढेच सांगू या : पेटी साधी चालेल, आमच्यासाठी मिस्सा विसरू नका.