‘माझ्याकडे होती’

वाचकहो, ‘माझे’ हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, याचा कधी विचार केला आहे काय? भाषांतराच्या कामात या इवल्या शब्दापाशी मला वारंवार थांबावे लागते. हिब्रू भाषेत ‘जवळ बाळगणे’ या अर्थाचे साधे क्रियापद नाही. ‘मला आहे’ अशीच रचना करावी लागते. मराठी याहून सूक्ष्म भेद करते. ‘मला दोन मुले आहेत’ असे आपण म्हणतो; मोटार मात्र ‘माझ्याकडे’ असते.

हा भेद मला विशेष जाणवला तो एका इंग्रज स्नेह्यामुळे. भाषांतर तपासण्याच्या निमित्ताने आमचा परिचय झाला. आज ऐंशी ओलांडलेल्या या गृहस्थांनी बेताच्या पगारात एकामागून एक चार छोट्या स्पोर्ट्स मोटारी घेतल्या. साऱ्या दुसऱ्याने वापरलेल्या. पहिली ऑस्टिन-हीली स्प्राइट. हे मॉडेल 1958 साली निघाले. बॉनेटवर बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन दिवे, इंजिन अवघे 948 सीसी, दारांना बाहेरून मुठी नाहीत, डिकीला झाकण नाही; सामान आसनांमागून आत सरकवायचे. मग एमजी मिजेट. त्यानंतर ट्रायम्फ स्पिटफायर. हिचे पुढचे सारे आवरण उचलले की चाकावर बसून इंजिन दुरुस्त करता येई. दोन मुले झाली, दोन आसनांत संसार मावेना, तेव्हा ती विकली. पुष्कळ वर्षांनी माझ्दा एमएक्स-5 आली. हे जपानी मॉडेल 1989 सालचे. हिचे छप्पर गळत नसे, म्हणून ती आपल्याला जरा परकीच वाटते, असे ते म्हणत!

आपण विचाराल, हा लोभ नव्हे काय? एकीने समाधान न होता दुसरी, मग तिसरी? लूककृत शुभवर्तमानातील धनवान मूर्खाच्या दाखल्यात मूळ ग्रीकमध्ये ‘माझे’ हा शब्द पुनःपुन्हा येतो: माझे पीक, माझी कोठारे, माझा माल. पण त्या धान्याला त्याने कधी हात लावल्याचे दिसत नाही. आमच्या स्नेह्यांना मात्र स्प्राइटचे दोन कार्ब्युरेटर जुळवताना गेलेले शनिवार आठवतात, मिजेटच्या दाराखाली गंज कोठे धरला होता तेही आठवते. ज्या वस्तूची अशी सेवा घडली, तिच्यावरील प्रेमाला मी सरसकट लोभ म्हणणार नाही.

तरीही ते प्रेम अगदी निर्दोष होते, असेही मला म्हणवत नाही. स्पिटफायर विकल्यावर कित्येक वर्षे ते रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक स्पिटफायरचा नंबर वाचीत. किंमत पदरात पडली होती, कागद दुसऱ्याच्या नावे झाले होते. मग हे पाहणे कोणत्या हक्काने? नव्या मालकाला कोणी पाठीमागून पाहत आहे हे कळते, तर त्याला ते रुचले असते काय?

दृष्टी मंदावल्यामुळे त्यांनी वाहन चालविणे सोडले आणि शेवटची मोटार नातीला दिली. त्यांच्या पत्रातील चार मोटारींविषयीचे वाक्य पत्नीला मराठीत सांगताना माझ्या तोंडून निघाले, “मला चार गाड्या होत्या.” ती हसली. मग मी सुधारून म्हणालो, “माझ्याकडे होत्या.” सुट्टीत पाहुणे आले की आपण हाच शब्द वापरतो: आमच्याकडे आहेत, चार दिवस आमच्याकडे होते.

नातीला दर रविवारी फोन करून, इंजिनातील तेल पाहिलेस काय, असे मात्र ते अजून विचारतात.