खुबा मोडलेल्या आईची सेवा
वृद्ध मातापित्यांना ‘उफ्’ म्हणण्यासही कुरआनने (17:23) मनाई केली आहे. रात्री तिसऱ्यांदा शौचास जाण्यासाठी आईची हाक येते, तेव्हा या आदेशाची खरी कसोटी लागते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बहुधा दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करतात. आपण मात्र मायेपोटी (कधी सोयीपोटीही) तिला पलंगावरच ठेवतो. ही सेवा नव्हे. तिच्या हाती वॉकर द्या, तिच्या संथ पावलांनी चाला. सजदा घडत नाही म्हणून ती रडत असेल, तर सांगा : आजारी इमरान बिन हुसैन (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) उभे राहणे शक्य नसल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर नमाज अदा करण्यास सांगितले होते. तिची खुर्ची किब्ल्याकडे वळवा. वजूचे पाणी कोमट असू द्या.