पात्याची साक्ष

छंदांमध्येही एक उच्चनीच भाव असतो. नाणी जमविणारा मनुष्य इतिहाससंशोधक म्हणून मिरवू शकतो, ग्रंथ जमविणाऱ्यास विद्वान म्हणण्याची चालच आहे, आणि जुन्या तसबिरी गोळा करणाऱ्याच्या रसिकतेविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. मी खिशात बाळगावयाचे जुने चाकू जमवितो. या छंदाला अजून कोणतेही भारदस्त नाव मिळालेले नाही. गेल्या वीस-बावीस वर्षांत साठेक चाकू मजजवळ आले असून घरातील मंडळी त्या सर्वांचा उल्लेख 'हत्यारे' या एकाच शब्दाने करितात. वर्गात नीतिशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्याने रात्री भिंग घेऊन चाकूच्या पात्यांकडे पाहत बसावे हे त्यांना चमत्कारिक वाटते, आणि ते तसे आहेही. परंतु खरी वस्तू म्हणजे काय, आणि तिच्याविषयी खरे बोलणे म्हणजे काय, हा प्रश्न पुस्तकांनी मजपुढे जितका टाकला नव्हता तितका या चाकूंनी टाकला, एवढे मला कबूल केले पाहिजे.

चाकू ओळखावयाचा म्हणजे प्रथम पाते उघडून त्याच्या मुळाशी पाहावयाचे. पाते जेथे मुठीत शिरते तेथील धार नसलेल्या चौकोनी भागावर कारखान्याचा ठसा असतो. इंग्लंडातील शेफिल्ड हे या विद्येचे माहेर. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या कँटरबरीच्या कथांतील एका गिरणीवाल्याजवळ शेफिल्डचाच चाकू दिला आहे, यावरून त्या गावाची कीर्ती किती जुनी ते कळेल. १६२४ मध्ये तेथील चाकूवाल्यांचा संघ पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला आणि कोणाचा ठसा कोणता हे नोंदवून ठेवण्याचे काम त्याच्याकडे आले. जोसेफ रॉजर्सच्या घराण्याचा ठसा तारा आणि क्रूस यांचा. वॉस्टनहोमच्या चाकूंवर 'आय् एक्स् एल्' ही अक्षरे असत, आणि ती मोठ्याने उच्चारली की 'मी सर्वांहून सरस' असे इंग्रजी वाक्य आपोआप तयार होई.

ठशाबरोबरचे शब्दही बोलतात. 'हर मॅजेस्टीचे चाकूवाले' असे असेल तर गादीवर राणी होती, म्हणजे १८३७ ते १९०१ हा काळ; 'हिज मॅजेस्टी' असेल तर त्याच्या अलीकडचा किंवा पलीकडचा. १९५२ मध्ये पुन्हा राणी गादीवर आली, म्हणून ही साक्ष एकटी कधी पुरी पडत नाही, तिला दुसरी जोड शोधावी लागते. अमेरिकेत १८९० च्या जकात कायद्याने परदेशी मालावर त्या देशाचे नाव घालणे आवश्यक झाले. तेव्हा 'इंग्लंड' हा शब्द पात्यावर आहे की नाही हेही पाहावयाचे, मात्र अमेरिकेस न जाणाऱ्या मालाला तो नियम नव्हता हे विसरावयाचे नाही. मग मूठ. ती सांबरशिंगाची असेल तर ते शिंग बहुधा आपल्याच अरण्यातून तिकडे गेलेले. हाडाला रंग देऊन, खाचा पाडून त्याला शिंगाचे सोंग देण्याची कलाही जुनीच. सेल्युलॉइडची मूठ असेल तर मात्र सावध राहावे. तो पदार्थ कालांतराने कुजू लागतो आणि त्यातून निघणाऱ्या वायूने शेजारच्या निरपराध चाकूंची पातीसुद्धा गंजतात. माझा असा एक चाकू मी वेगळ्या खोलीत ठेविला आहे.

या सर्व पुराव्यात सर्वांत निर्णायक शब्द 'स्टेनलेस' हा होय. न गंजणारे पोलाद शेफिल्डच्याच हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये सिद्ध केले. तो शोधावयास निघाला होता बंदुकीच्या नळीसाठी टिकाऊ धातू. या पोलादाचे चाकू होतील असे त्याने सांगितले तेव्हा गावच्या कारागिरांनी 'न कापणाऱ्या चाकूंचा जनक' म्हणून त्याची थट्टा केली. ते असो, पात्यावर हा शब्द दिसला की ते पाते १९१३ च्या अलीकडचे, याविषयी वाद संपला.

ठसा मालकाचे नाव सांगतो, इतरांचे सांगत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. शेफिल्डचा चाकू एका हातचा नसे. एकाने पाते ठोकावयाचे, दुसऱ्याने घासून धार आणावयाची, तिसऱ्याने मूठ बसवावयाची. घासणाऱ्यांच्या फुप्फुसांत दगडाची आणि पोलादाची धूळ जाई, आणि कोरड्या दगडावर जेवणाचे काटे घासणारे तर तरुणपणीच दगावत. त्यांची नावे कोणत्याही पात्यावर नाहीत. तेव्हा ठसा म्हणजे सत्य असे मानणाऱ्याने आरंभीच थोडे थांबलेले बरे.

आणि ठसे खोटेही पाडले जात. जर्मनीतील काही माल शेफिल्डच्या नावाने विकला जाई. त्याला आळा घालण्यासाठीच १८८७ चा व्यापारी चिन्हांचा कायदा झाला. आज तो कायदा मोडण्याची कोणास गरज उरलेली नाही, कारण लबाडीने अधिक नाजूक रूप धारण केले आहे. दोन मोडके चाकू घ्यावयाचे, दोन्ही अस्सल. एकाची मूठ आणि दुसऱ्याचे पाते जुळवून तिसरा चाकू तयार करावयाचा. त्याचा प्रत्येक अवयव खरा, आणि समग्र चाकू मात्र कधी अस्तित्वातच नव्हता! भिंगाखाली धरला असता मुठीच्या टोकाशी पुन्हा ठोकलेल्या रिव्हेटचे पुसट वर्तुळ तेवढे दिसते. किंवा एक पाते निसण्यावर झिजून अर्धे झालेले आणि दुसरे कोरे करकरीत, अशी विसंगती आढळते. या लबाडीला उत्तेजन देणारे आम्ही संग्राहकच. ज्या चाकूने जन्मात एका पेन्सिलीलाही टोक काढले नाही त्याला आम्ही सर्वांत अधिक किंमत देतो. आयुष्यभर काम न केल्याबद्दल इतका मान मिळणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

तत्त्वज्ञांना हा प्रश्न नवा नाही. थीसिअसच्या गलबताच्या फळ्या एकेक करून बदलल्या, तर ते गलबत तेच काय, असा वाद अथेन्समध्ये चालत असल्याचे प्लूटार्क सांगतो. नागसेनाने मिलिंद राजाला रथ दाखवून विचारले होते की, चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय. फ्रेंच लोकांत तर हा दृष्टांत चाकूचाच आहे: झानोचा चाकू, ज्याचे पाते अनेकदा बदलले, मूठही अनेकदा बदलली, तरी झानोच्या मते चाकू तोच. मी वर्गात हे तिन्ही दृष्टांत वर्षानुवर्षे सांगत आलो आणि घंटा झाली की खडू ठेवून निघून गेलो. 'तोच की दुसरा' या प्रश्नाने कोणाचे काही बिघडते असे मला कधी वाटले नव्हते.

माझे पहिले बिघडले ते पुण्याच्या जुन्या बाजारात. एका रविवारी कुलपे, नळाच्या तोट्या आणि घड्याळांचे सांगाडे यांच्या ढिगात मला 'आय् एक्स् एल्'चा एक चाकू दिसला. सांबरशिंगाची मूठ, दोन्ही पाती पूर्ण. विकणाऱ्याने दोनशे रुपये सांगितले. त्याची किंमत याच्या कितीतरी पट आहे हे मला ठाऊक होते आणि त्याला नव्हते. मी काय केले? घासाघीस करून तो दीडशेला घेतला. अधिक उत्सुकता दाखविली तर त्याला संशय येईल, अशी त्या वेळी मी मनाची समजूत घातली. घरी आल्यावर मला आठवला तो रोड्सचा हेकॅटो. सिसेरोने कर्तव्यावरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात त्याचा एक प्रश्न दिला आहे: एखादा मनुष्य सोने पितळ समजून विकत असेल, तर सज्जनाने त्याला सावध करावे, की हजाराची वस्तू एका नाण्याला उचलावी? हे प्रकरण मी प्रतिवर्षी शिकवितो. दीड महिन्याने मी दोन हजार रुपये घेऊन त्या विक्रेत्याकडे गेलो आणि सर्व हकीकत सांगितली. त्याला तो चाकू आठवेना. माझ्याकडे आणि नोटांकडे आळीपाळीने पाहून तो म्हणाला, "साहेब, काय लफडं असेल ते तुमच्याजवळच ठेवा. मला यात ओढू नका." ते पैसे अद्याप मजजवळ वेगळ्या पाकिटात आहेत. सत्य सांगण्याचीही एक वेळ असते, आणि ती मी दीडशे रुपये मोजताना घालविली होती.

यानंतर दोन वर्षांनी वाईच्या माझ्या आत्याने मला तिच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा, चाकू पाहावयास दिला. आत्या आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. आमच्या घराण्यात या चाकूची कथा प्रत्येक मुलाने ऐकलेली: पणजोबा शाळामास्तर झाले, १८९९ साली पहिला पगार हाती आला, आणि मुंबईस जाऊन त्यांनी हा रॉजर्सचा चाकू घेतला. पुढे हयातभर शाळेतील मुलांचे बोरू त्यांनी याच चाकूने तासले. पक्ष्याच्या पिसाची लेखणी करण्यासाठी इंग्रजांनी जो लहान चाकू निर्माण केला तो आमच्याकडे येऊन बोरूला कत देऊ लागला, हे मला नेहमीच मोठे गमतीचे वाटत आले आहे. लाल फडक्यात गुंडाळलेला तो चाकू आत्याने माझ्या हाती दिला व म्हणाली, "तुला यातलं कळतं म्हणतात. खरा आहे ना रे?"

मी रात्री तो भिंगाखाली धरला. लहान पाते करडे पडलेले, झिजलेले, त्यावर 'हर मॅजेस्टी'. चाकू १९५२ च्या कितीतरी आधीपासून घरात होता. तेव्हा ही राणी व्हिक्टोरियाच. मोठे पाते उघडले, आणि त्याच्या मुळाशी दुसऱ्याच कोणत्या कारखान्याचे पुसट नाव व त्याखाली स्वच्छ अक्षरांत 'स्टेनलेस'. मुठीच्या टोकाशी रिव्हेटचे वर्तुळ होतेच. केव्हातरी मूळ पाते तुटले असावे आणि कोणा शिकलगाराने किंवा लोहाराने दुसऱ्या चाकूचे पाते काढून यात बसविले असावे. काम धोबड होते, परंतु पाते घट्ट बसले होते.

माझ्या टेबलाच्या खणात रॉजर्सचे एक सुटे मोठे पाते पडून आहे. 'हर मॅजेस्टी'चेच, आणि मापही जुळणारे. मजप्रमाणेच चाकू जमविणारे एक स्नेही मला म्हणाले, "बसवून टाका. म्हातारीला समाधान, चाकूला किंमत. आणि अहो, खऱ्या चाकूवर खरे पाते चढविण्यात खोटे ते काय?" हा युक्तिवाद दिसतो तितका पोकळ नाही. त्या अज्ञात शिकलगाराने तरी दुसरे काय केले होते? त्यानेही परके पाते बसविले, मीही परकेच बसविणार. किंबहुना माझे पाते त्याच्यापेक्षा मूळ पात्याच्या अधिक जवळचे. दोन्ही चाकू शेजारी ठेविले तर कोणताही पारखी माझ्या चाकूलाच खरा म्हणेल. सर्व खुणा एकमेकींशी जुळतील, एकही साक्षीदार उलटे बोलणार नाही.

आणि नेमके येथेच माझे पाऊल अडखळले. शिकलगाराचे पाते आपण नंतरचे आहोत हे लपवीत नाही. मुळाशी तसे लिहूनच ते मुठीत शिरले आहे. त्याने चाकू पुन्हा कापता केला, कोणाला काही सांगितले नाही, आणि कोणाला काही फसविलेही नाही. माझे पाते मात्र कापण्यासाठी बसणार नव्हते, ते साक्ष देण्यासाठी बसणार होते. हाताची क्रिया एकच, खिळाही तोच. परंतु एक दुरुस्ती आणि दुसरी लबाडी. हा भेद चाकूत कोठेही शोधला तरी सापडावयाचा नाही. म्हणजे वस्तूच्या खरेखोटेपणाचा अर्धा भाग वस्तूबाहेर, तिच्याविषयी बोलणाऱ्याच्या तोंडी असतो, ही गोष्ट इतकी वर्षे दृष्टांत सांगूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. स्नेही यावर हसले. संग्राहकाने असे सोवळे पाळले तर त्याच्या कपाटात काय उरेल, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मजजवळ नाही.

तरीही आत्याला सांगणे सोपे नव्हते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईची एक आठवण मोडून माझ्या सत्यनिष्ठेचे असे काय भले होणार होते? वाईस पोहोचेपर्यंत बसमध्ये मी तीन निरनिराळी वाक्ये जुळविली आणि तिन्ही टाकून दिली. शेवटी तिला पाते उघडून दाखविले व म्हटले, "आत्या, चाकू जुना आहे, पण हे मोठं पातं नंतरचं आहे. १८९९ साली असलं पोलादच नव्हतं."

ती काही वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "नंतरचं म्हणजे कधीचं?"

"पंचवीस-तीस सालचं असेल. नक्की सांगता येत नाही."

"मी पाच वर्षांची असताना आजोबा ओसरीवर बसून माझा बोरू तासायचे," ती म्हणाली. "मोठ्या पात्यानं. लखलखायचं ते उन्हात. तेच ना हे?"

माझ्या खणातले पाते करडे आहे. ते उन्हात लखलखत नाही. मी म्हटले, "हो, तेच हे."

तिच्या सांगण्यावरून मी एका कागदावर तारीख घालून लिहिले की, मूठ व लहान पाते १९०१ पूर्वीचे, मोठे पाते १९१३ नंतरचे, बदलणाराचे नाव अज्ञात. तो कागद तिने वाचला, चारपदरी घडी घातली आणि लाल फडक्यात ठेविला. चाकू मात्र तिने परत गुंडाळला नाही. परसातला एक पेरू माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "कापून दे. मोठ्या पात्यानं काप हं, लहानानं तो काळा पडतो."