चित्राखाली नाव कुणाचं?

वारली चित्र आता कुठे नाही? पणत्यांवर आहे, साडीच्या पदरावर आहे, शाळांच्या कुंपणभिंतींवर आहे. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही आदिवासी कलेच्या वाट्याला इतकं कौतुक आलेलं नाही. तरीही जिव्या सोमा मशे यांच्यानंतर आणखी एका वारली चित्रकाराचं नाव विचारलं, की बहुतेक सुशिक्षित मराठी माणसं गप्प होतात. या कौतुकाला मी अपुरं मानतो.

मुळात हे चित्र विकण्यासाठी नव्हतंच. लग्नघरात शेणागेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत, मधोमध पालघट देवी येई, आणि धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईच्या, गाण्यांनी लग्न लागे. तिथे सहीची गरज नव्हती, कारण चौक त्या घराचा आणि देवीचा होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर पोहोचले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद देणारे तेच. गंजाडच्या मशे यांनी लग्नाची वाट न पाहता रोज चित्र काढायला सुरुवात केली होती. अख्ख्या कागदभर पसरलेलं त्यांचं मासेमारीचं जाळं पाहावं. एकेक रेघ थरथरती, जिवंत. १९७६मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११मध्ये पद्मश्री. ज्या बायकांनी पिढ्यानपिढ्या चौक लिहिला, त्यांची नावं मात्र भिंतीबरोबरच पुसली गेली. याची खंत फारशी कुणी बोलून दाखवत नाही.

‘सामूहिक कलेला नाव कशाला?’ असं काही अभ्यासक विचारतात. देवापुढच्या चौकापुरतं ते मला मान्य आहे. बाजारात मात्र कंपनीचं नाव असतं, डिझायनरचं असतं, दुकानाचंही असतं. तिथे एकट्या चित्रकारानेच निनावी राहायचं, याला परंपरेचा आदर म्हणता येत नाही. १९५७चा कॉपीराइट कायदाही चित्रकाराच्या बाजूने आहे: हक्क विकून टाकले तरी ‘हे चित्र माझं आहे’ असं सांगण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, ते चांगलंच झालं. पण मानांकन समाजाचं आणि प्रदेशाचं नाव जपतं. पाड्यावरच्या एखाद्या मुलीच्या हाती त्यातून आपोआप पैसे पडत नाहीत.

अर्थात नुसत्या नावानेही भागत नाही. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा जनगढसिंह श्याम हा परधान गोंड तरुण चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्यामुळे भोपाळच्या भारत भवनात आला. त्याच्या नावाने पुढे ‘जनगढ कलम’ ही शैलीच रूढ झाली. २००१मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी चित्रं काढायला गेलेला असताना, गावापासून हजारो मैलांवर, त्याने जीवन संपवलं. त्या मृत्यूचं कारण एका वाक्यात मांडणं अन्यायाचं होईल. पण परक्या मुलखात एकट्याने काम करणाऱ्या कलावंताचा करार कसा असावा, मुदत किती असावी, त्याच्या भाषेत बोलणारं कुणी सोबत असावं की नाही, हे प्रश्न तेव्हापासून आपल्यासमोर आहेत. कीर्ती मिळाली म्हणून ते सुटत नाहीत.

आपल्या हाती काय आहे? सोसायटीची भिंत रंगवायची असेल तर इंटरनेटवरून आकृत्या उतरवून घेऊ नका. मुंबईहून डहाणूपर्यंत लोकल जाते, तिथल्या चित्रकाराला बोलवा. मजुरी दिवसाच्या हिशेबाने नको, चित्राच्या हिशेबाने ठरवा, आणि ती कागदावर लिहून द्या. भाव पाडू नका. चित्र विकत घेताना त्यावर सही मागा आणि त्यातली गोष्ट विचारा.

एक विनंती दिवाळी अंकांच्या संपादकांनाही. मुखपृष्ठावर आणि पानापानांच्या कोपऱ्यांत आपण वर्षानुवर्षं ही त्रिकोणी माणसं फुकट नाचवली आहेत. पुढच्या अंकात ती पाड्यावरच्या चित्रकाराकडून काढून घ्या, लेखकाइतकंच मानधन द्या, आणि अनुक्रमणिकेत नाव छापा.