रविवारचा कोरा रकाना

लोणच्याची बरणी काल रात्री संपली. सकाळी ती धुऊन पिशवीत घातली, जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर आठवलं, आज रविवार. कोपऱ्यावरच्या काचेच्या पेटीत आज बाटली टाकायची नाही. आत काच फुटते, तो आवाज आसपासच्या घरांत जातो. बरणी घेऊन पुन्हा वर आले.

या गावाच्या नावातच विसावा आहे. कार्ल्सरूह, म्हणजे कार्लच्या विश्रांतीची जागा. १७१५ साली कार्ल विल्हेल्म नावाच्या संस्थानिकाने इथे महाल बांधायला घेतला. त्याच्या मनोऱ्यापासून ३२ रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे फुटतात. महालाच्या शेजारीच जर्मनीचं घटनात्मक न्यायालय आहे. बर्लिनमध्ये नाताळच्या आधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायची मुभा होती, ती याच न्यायालयाने २००९ साली घटनाबाह्य ठरवली. रविवार हा कामापासून सुटकेचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्याने जपला जाईल, असं १९१९च्या वायमार राज्यघटनेत लिहिलं होतं. १९४९च्या घटनेने ते कलम जसंच्या तसं ठेवलं.

पहिले काही महिने ही शांतता मला खायला उठायची. दुकानं बंद, रस्ते ओस, घरात नुसता तांदूळ. खिडकीशी बसून ट्राम मोजायची आणि घरच्या आठवणीने रडायची. हळूहळू कळलं, ही शांतता आपोआप पडत नाही. कुणी भिंतीला ड्रिल लावत नाही, कुणी गवत कापायचं यंत्र बाहेर काढत नाही, मी बरणी परत आणते. प्रत्येकाने थोडं थोडं आवरलं की शांततेचा दिवस होतो.

आपल्याकडचा रविवारही आपोआप आलेला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १८९०मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. रविवारी ते उशिरा उठायचे, मटण आणायचे, जेवून ताणून द्यायचे. मटणाचं वाटण आजी पाट्यावर वाटायची. तिच्या हातांना सगळ्यांत जास्त काम त्याच दिवशी असायचं. लोखंड्यांचं ऋण मोठंच आहे, पण गिरणीचा भोंगा थांबला तरी चूल थांबली नाही. इथल्या घटनेचं कलमही दुकानाच्या दारापर्यंतच येतं. घराच्या आत सुट्टी कुणी कुणाला द्यायची, ते घरातल्यांनाच ठरवावं लागतं.

आम्ही चौघी एका घरात राहतो. फ्रिजवर कामांचा तक्ता आहे: केर, न्हाणीघर, कचरा, भांडी. त्यात रविवारचा रकाना कोरा आहे. तो कोरा ठेवायचं आम्ही एका संध्याकाळी बसून ठरवलं, अर्ध्या तासात. शनिवारी थोडं जास्त करायचं, रविवारी ज्याची त्याची बशी ज्याने त्याने विसळायची. एवढंच. तो रकाना पाहिला की माझ्या पोटात तुटतं. बाबा, दादा आणि मी, आम्हा तिघांना इतक्या वर्षांत हा अर्धा तास सापडला नाही. आईने मागितला नाही, हे खरं. पण मागायची वेळ तिच्यावर का यावी?

अकराला फोन लावला. तिकडे साडेतीन. मागून भांड्यांचा आवाज येत होता.

"आई, जेवलीस का?"

"आत्ताच. पाहुणे होते ना. तुझं लोणचं आहे का गं अजून?"

"आहे. आई, ते राहू दे, बस जरा."

"बसलेच आहे की. लसूण सोलतेय."

"दादा आहे का जवळ?"

"झोपलाय. का गं?"

"उठव त्याला," मी म्हटलं. "मला त्याच्याशी बोलायचंय."